लाल पानांचे शब्द

आमची लेक क्योतोजवळच्या एका वृद्धाश्रमात नोकरीला आहे. मगरिबनंतर आम्ही फोन लावतो, तेव्हा तिच्याकडे साडेनऊ वाजून गेलेले असतात. जेवलीस का, नमाज झाली का, थंडी किती. तीन प्रश्नांत बोलणं संपायचं. "सब ठीक है" च्या पुढे ती जाईना. पोटच्या पोरीशी बोलायला विषय सापडू नये, याची आम्हाला लाज वाटू लागली.

नोव्हेंबरात तिने लाल झाडांचा फोटो पाठवला. पान लाल होण्याला तिकडे काय म्हणतात, आम्ही सहज विचारलं. 'कोयो', ती म्हणाली; पण तीच दोन अक्षरं 'मोमिजी' अशीही वाचतात. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही. उर्दूच्या तासाला हे रोजचंच! गाफ-लामवर पेश वाचला तर 'गुल', म्हणजे फूल. जेर वाचला तर 'गिल', म्हणजे माती. मुलं हमखास अडखळतात. हे ऐकून ती कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

मग रोज एक शब्द. गळून पडलेलं पान 'ओचिबा', वाळलेलं 'कारेहा'. लाल पानं बघायला जाणं 'मोमिजीगारी', म्हणजे चक्क पानांची शिकार! व्हीलचेअरवरच्या आजींना ती अशा शिकारीला नेते. आपल्या शायरीतली खिजां नेहमी उदास. तिथे लोक डबे घेऊन ती बघायला निघतात.

एकदा 'काएदे' आला, म्हणजे मेपल. मूळ शब्द 'काएरुदे', बेडकाचा हात. आम्ही फोटो मोठा करून पाहिला; खरंच, पसरलेली बोटं. दादी शेजारी तसबीह घेऊन बसल्या होत्या.

"दादी, काएरू म्हणजे बेडूक," लेक म्हणाली. "आणि घरी परत जाणं, तेही काएरूच. लिहितात फक्त वेगळं."

दादींची तसबीह थांबली. "तो फिर तू कब काएरू?"

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग ती रडली, आणि रडता रडता सांगत सुटली: रात्रपाळ्या, सुजलेले पाय, एकटीची ईद. त्या दिवशी इशाची अजान झाली तरी फोन चालूच होता.

करार संपायला अजून चौदा महिने आहेत. फेब्रुवारीत अंगणातला बदाम लाल झाला, तेव्हा दादींनी त्याचं एक पान शब्दांच्या वहीत दाबून ठेवलं. खाली आमच्याकडून लिहून घेतलं: कोयो.