सेवा करू, पण वेठ नको

कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी सुट्टीत दोन महिने ग्रामपंचायतीत, आरोग्य केंद्रात किंवा तहसील कचेरीत काम करावे आणि सरकारने त्यांना त्याचे विद्यावेतन द्यावे, अशी मागणी आम्ही मध्यंतरी वस्तीच्या बैठकीत मांडली. तेव्हा एका वडीलधाऱ्या बंधूंनी विचारले, “समाजसेवेचे पैसे कसले मागता?”

प्रश्न प्रामाणिक होता. पण फुकटच्या सरकारी कामाची ओळख आपल्या समाजाला नव्याने करून द्यायला नको. गावचा सांगावा पोचवणे, मयताची खबर परगावी नेणे, अंमलदाराची पडेल ती कामे करणे, ही सगळी जनतेचीच कामे होती. मोबदला काय, तर वतनाचा तुकडा आणि दारोदारची भाकर! या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल मांडले. आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली, तिला ते स्वतः आले. त्या लढ्यातून आम्ही एवढेच शिकलो की काम सरकारचे असेल तर त्याचा दामही सरकारने ठरवून रोख द्यावा.

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास महिना ६ हजार, आयटीआय वा पदविका झालेल्यास ८ हजार आणि पदवीधरास १० हजार रुपये ठरले. मुदत आधी सहा महिने होती, पुढे ती अकरा महिने झाली. चांगली गोष्ट झाली. पण अट अशी घातली की ज्याचे शिक्षण चालू आहे त्याला यात जागा नाही. म्हणजे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला हे पैसे हवे असतील तर तिने आधी कॉलेज सोडावे काय?

दुसरीकडे नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीला प्रत्यक्ष कामाचे आणि समाजसेवेचे क्रेडिट आहेत. ते काम करावेच लागते. पैसे मिळतीलच असे नाही. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेतही मुले वर्षाला १२० तास मोबदल्याविना राबतात. घरात पगार येतो त्या मुलाला हे परवडते. ज्याचे आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ते लेकरू सुट्टी लागताच पुण्याला वॉचमनकी करायला जाते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देताना आम्ही दरवर्षी पाहतो, तिसऱ्या वर्षापर्यंत काही नावे गळतात. ती मुले नापास झालेली नसतात. घरात पैसा हवा असतो.

आम्ही कारकून माणूस, म्हणून हिशेब मांडतो. २०२५-२६ साली राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्याच दराने महिन्याचे २६ दिवस धरून दोन महिन्यांचे १६,२२४ रुपये होतात. एवढ्यात गरीब मुलाची फी, पुस्तके आणि एसटीचा पास निघतो. शिवाय कोणता दाखला कुठल्या टेबलावर मिळतो, ग्रामपंचायतीचा निधी कशावर खर्च होतो, हे त्याला आतून कळते. ते ज्ञान वस्तीत येते.

ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर. तेच तत्त्व कॉलेजच्या आवारातून गावच्या कचेरीपर्यंत न्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

त्या वडीलधाऱ्या बंधूंनी हे ऐकून ठरावावर पहिली सही केली. आता प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर हा विषय घ्यावा. शिक्षण चालू असलेल्यांनाही सुट्टीच्या काळात विद्यावेतनासह काम मिळावे, असा ठराव करून तो जिल्हाधिकारी आणि कुलगुरूंकडे पाठवावा. सह्यांत आयाबहिणींच्या सह्या आधी असाव्यात, कारण लेकराचे कॉलेज सुटते तेव्हा त्याची झळ आधी त्यांनाच लागते.

जय भीम!