मॅगीचं वय वाढतंय

‘लव्ह अँड रॉकेट्स’ वाचायचंय, पण सुरुवात कुठून करू, असं विचारणारं दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी भेटतंच. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड गावच्या हर्नांडेझ भावांनी, म्हणजे गिल्बर्ट, हायमे आणि मारिओ यांनी, १९८१ साली हे कॉमिक स्वतःच छापलं. पुढच्या वर्षी ते फँटाग्राफिक्स या प्रकाशनाकडे गेलं. चाळीस वर्षांचा पसारा म्हटल्यावर कुणीही बिचकणारच.

आपला चिंटू कसा, कुठल्याही दिवसाचा उचला, चालतो. १९९१ मध्ये तो जेवढा होता, तेवढाच राहिला. हायमेची मॅगी मात्र विशीच्या आसपासची पंक पोरगी म्हणून येते आणि आपल्यासमोर मध्यमवयीन होते. वजन वाढतं, होपी या मैत्रिणीशी जमतं, तुटतं, पुन्हा जमतं. वयाचा हिशोब कुणी सांगत नाही. दोन चौकटींच्या मध्ये अख्खी वर्षं निघून जातात. म्हणून मोबाइलवर एकेक चौकट मोठी करून वाचू नका, पूर्ण पान डोळ्यांसमोर राहू द्या.

माझं स्पष्ट मत: पहिल्या अंकापासून सुरू करू नका. तिथे रॉकेटं आहेत, डायनोसॉर आहेत, मॅगी मेकॅनिक आहे. मजा आहे, पण हायमेचा सूर अजून लागायचाय. थेट ‘द गर्ल फ्रॉम हॉपर्स’ हा संग्रह घ्या. कोण कुणाची बहीण, कोण कुणाचा जुना मित्र, काही कळणार नाही. कळू नये. मी लग्न होऊन वसईत आले, तेव्हा पहिल्याच हळदीला सासूबाई आणि काकी एका भांडणावर बोलत होत्या. भांडण माझ्या जन्माआधीचं. मला कुणी वंशावळ काढून दिली नाही. पापड तळता तळता दोन वर्षांत सगळं समजलं. या संग्रहातली ‘द डेथ ऑफ स्पीडी’ तशीच वाचायची. पोरांच्या टोळ्या, एका पोराचा जीव जाणं, आणि मोहल्ल्याने ते गिळून पुढे चालू लागणं.

गिल्बर्टचं पालोमार हे गाव वेगळं. ते मात्र ‘हार्टब्रेक सूप’पासून क्रमाने वाचा. फक्त विरार फास्टमध्ये नको. तिघीजणी खांद्यावरून डोकावत असतात आणि गिल्बर्टला कपड्यांचं फारसं वावडं नाही.

‘द लव्ह बंगलर्स’ अगदी शेवटी ठेवा. त्याच पुस्तकात ‘ब्राउनटाउन’ आहे, मॅगीच्या लहानपणाची गोष्ट. तिच्या धाकट्या भावावर एक मोठा मुलगा अत्याचार करतो, आणि घरात कुणालाच पत्ता लागत नाही. ती एका बैठकीत वाचू नका. मी मध्ये उठून गच्चीवर गेले होते. मॅगीला तुम्ही आधीची वीस-पंचवीस वर्षं ओळखत असाल, तर तिला काय माहीत नव्हतं ते कळल्यावर मागची सगळी पानं पुन्हा उघडावीशी वाटतात.

पुढे समोरासमोरच्या दोन पानांवर मॅगी आणि रे यांची जुनी वर्षं चौकटीचौकटीने येतात. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी चष्मा लावून ती पानं बराच वेळ पाहिली. मग एका चौकटीवर बोट ठेवून विचारलं, “ही तीच ना गं, पहिल्या पुस्तकातली? किती दमलीय.”