राजनचं प्रकरण मी मिटलेलं मानत होतो

केरळातलं राजन प्रकरण म्हणजे कायद्याच्या विजयाची गोष्ट, असं मी अनेक वर्षं मानत आलो. राज्यघटना शिकवताना आणीबाणीचा धडा आला की मी हे प्रकरण हमखास सांगायचो. एका निवृत्त शिक्षकाने उच्च न्यायालयात अर्ज केला आणि महिन्याभरात मुख्यमंत्र्यांना घरी जावं लागलं, हे ऐकताना मुलांचे डोळे चमकत. मलाही बरं वाटे. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते कसं बदललं आणि का बदललं, हे मोकळेपणाने सांगावंसं वाटतं, कारण माझ्या पिढीतल्या पुष्कळांचं मत अजून पूर्वीच्या माझ्या मतासारखंच आहे.

पी. राजन हा कालिकतच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी. आज हे कॉलेज एनआयटी कालिकत म्हणून ओळखलं जातं. मुलगा गाणारा होता. फेब्रुवारी 1976 च्या अखेरीस नक्षलवाद्यांनी कायण्णा इथल्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला. त्या सुमारास राजन फारूक कॉलेजातल्या कलामहोत्सवात भाग घेत होता. 1 मार्चच्या पहाटे मुलांची बस वसतिगृहावर परतली आणि पोलिसांनी राजनला तिथूनच उचललं. त्याच्याबरोबर जोसेफ चाली या विद्यार्थ्यालाही नेलं. कक्कयमला क्राइम ब्रँचने छावणी उभी केली होती. नक्षलवाद्यांचा माग काढण्याच्या नावाखाली तिथे अनेक तरुणांना आणून मारहाण होत होती. पकडलेल्याला आडवं पाडून त्याच्या मांड्यांवरून जड लाकडी ओंडका फिरवायचा, ही तिथली रीत. राजनलाही तिथेच नेलं. त्या छावणीबाहेर तो पुन्हा कुणाच्याही दृष्टीस पडला नाही.

प्राचार्य बहाउद्दीन यांनी वडिलांना रजिस्टर पत्राने कळवलं. वडील टी. व्ही. ईच्चर वारियर हिंदीचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. ते कॉलेजात गेले, पोलिसांकडे गेले, मुख्यमंत्री अच्युत मेनन आणि गृहमंत्री करुणाकरन यांना भेटले, दिल्लीपर्यंत अर्ज पाठवले. मुलगा कुठे आहे एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्या एका प्रश्नाला सरकारकडून उत्तर मिळालं नाही.

त्या दिवसांत न्यायालयात जाऊनही उपयोग नव्हता. 27 जून 1975 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद 21 खाली दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला होता. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात सरकारच्या बाजूने कौल दिला. आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही हेबिअस कॉर्पसचा अर्ज करता येणार नाही, असं चार न्यायमूर्ती म्हणाले. एकट्या एच. आर. खन्ना यांनी वेगळा निकाल लिहिला. चौघांमध्ये आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. हेबिअस कॉर्पस म्हणजे कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, असा हुकूम मागणारा अर्ज. राजनला नेलं तेव्हा आणि त्यानंतर वर्षभर हे दार बंद होतं.

21 मार्च 1977 ला आणीबाणी उठली. त्यानंतर चारच दिवसांनी, 25 मार्चला, वारियर यांनी केरळ उच्च न्यायालयात अर्ज दाखल केला. करुणाकरन त्याच दिवशी मुख्यमंत्री झाले. राजनला पोलिसांनी नेलंच नव्हतं, असं शपथपत्र सरकारने दिलं. न्यायमूर्ती सुब्रह्मण्यन पोट्टी आणि खालिद यांनी साक्षी नोंदवल्या. राजनला नेताना पाहणारे आणि छावणीत पाहणारे पुढे आले. 13 एप्रिलला निकाल लागला. राजन पोलिसांच्या ताब्यात होता हे सिद्ध झालं आहे, त्याला हजर करा, असा न्यायालयाचा हुकूम होता. 25 एप्रिलला करुणाकरन यांनी राजीनामा दिला.

माझी गोष्ट इथे संपायची. यानंतर मी 44 वी घटनादुरुस्ती सांगायचो. 1978 मध्ये झालेल्या या दुरुस्तीमुळे आणीबाणीतही अनुच्छेद 20 आणि 21 चे हक्क स्थगित करता येत नाहीत. मग 2017 चा खासगीपणाच्या हक्काचा निकाल सांगायचो. त्यात सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरचा निकाल चुकीचा होता असं म्हटलं, आणि ते लिहिणारे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांचेच चिरंजीव होते. धडा नीट पुरा व्हायचा.

माझं मत पालटायला सुरुवात झाली ती वारियर यांचं आठवणींचं पुस्तक वाचताना. मूळ मल्याळममधल्या या पुस्तकाला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे आणि ते इंग्रजीतही आलं आहे. निकाल आणि राजीनामा हा माझ्या दृष्टीने शेवट होता. या माणसाच्या आयुष्यात तो फार तर मधला एक टप्पा होता. मुलगा रात्री-अपरात्री येईल आणि भुकेला असेल, म्हणून त्याच्यासाठी केळीच्या पानावर भात राखून ठेवायला ते पत्नीला सांगत. मुलगा गेल्याचं त्यांनी तिला कधी सांगितलंच नाही. ती मनाने खचलेली होती, मुलाची वाट पाहत होती. 2000 साली ती गेली. वारियर एप्रिल 2006 मध्ये गेले. जिंकलेल्या माणसाचं घर असं नसतं, एवढं मला त्या पानांतून कळलं.

पण माझं मत केवळ भावनेने बदललं म्हणालो, तर ते पूर्ण खरं होणार नाही. पुस्तक मिटल्यावर मी त्या प्रकरणाच्या तारखा पुन्हा मांडल्या. हजर करण्याची मुदत संपली आणि राजन आला नाही. त्यानंतर काही आठवड्यांत सरकारच्या बाजूने कबुली आली: राजन 2 मार्च 1976 रोजी कक्कयमच्या छावणीत मरण पावला होता. म्हणजे त्याला नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी. वडील मंत्र्यांच्या दारात उभे होते तेव्हा मुलगा जिवंत नव्हता, आणि पोलीस दलातल्या काहींना ते ठाऊक होतं. सर्वोच्च न्यायालयात जबलपूरचा निकाल वाचला जात होता तेव्हाही तो जिवंत नव्हता. केरळ उच्च न्यायालयाने त्याला हजर करायला सांगितलं, तोवर त्याच्या मृत्यूला वर्षभराहून जास्त काळ लोटला होता.

आणि मृतदेह? तो कधीच मिळाला नाही. त्याचं काय केलं याच्या वेगवेगळ्या हकिकती सांगितल्या गेल्या, एकही सिद्ध झाली नाही. याचा परिणाम थेट खटल्यावर झाला. खटला तामिळनाडूत, कोइमतूरला, चालला. मृतदेह नाही, शवविच्छेदन नाही, मग खून सिद्ध करायचा कसा? क्राइम ब्रँचचे प्रमुख जयराम पडिक्कल यांच्यासह काही अधिकाऱ्यांना खालच्या न्यायालयात थोडीफार शिक्षा झाली, तीही अपिलात टिकली नाही. पडिक्कल पुढे केरळचे पोलीस महासंचालक झाले.

इथे माझं जुनं मत कोसळलं. मृतदेह न सापडणं हा तपासातला दुर्दैवी उणेपणा आहे, असं मी समजत होतो. आता दिसतं की सगळा बचाव त्यावरच उभा होता. माणूस नाहीसा केला की गुन्ह्याचा पुरावाही नाहीसा होतो. ‘आम्ही नेलंच नाही’ हे विधान मोडून काढायला न्यायालय होतं. ‘नेलं, तो मेला, देह कुठे आहे माहीत नाही’ या विधानापुढे न्यायालयानेही हात टेकले. राजीनामा मिळाला, घटना दुरुस्त झाली, पण ज्यासाठी अर्ज केला होता ती एकच गोष्ट मिळाली नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली, आणि ती आपल्या महाराष्ट्राच्या आठवणींशी जोडलेली आहे. आणीबाणी म्हटलं की मराठी माणसाला येरवडा आणि नाशिकरोडचे तुरुंग आठवतात, कराडच्या साहित्य संमेलनात निर्भयपणे बोलणाऱ्या दुर्गाबाई भागवत आठवतात. मिसा या प्रतिबंधात्मक अटकेच्या कायद्याखाली डांबलेल्यांच्या आठवणींची किती पुस्तकं आपल्या कपाटांत आहेत! ती अटक अन्यायाचीच होती. तरी तिला हुकूम होता, कागद होता, तुरुंगाच्या वहीत नाव होतं. घरच्यांना पत्ता ठाऊक होता. ती माणसं परत आली आणि लिहिती झाली. राजनच्या अटकेचा कागदच नव्हता. आणीबाणीचा आपला इतिहास परत आलेल्यांनी लिहिलेला आहे, म्हणून त्यात विजयाचा सूर आहे. न परतलेल्याच्या बाजूने तो पाहिला की सूर बदलतो.

हे केवळ आणीबाणीचं होतं, असंही म्हणता येत नाही. परभणीचा ख्वाजा युनूस हा तरुण इंजिनिअर होता. घाटकोपरच्या बॉम्बस्फोट प्रकरणात मुंबई पोलिसांनी त्याला डिसेंबर 2002 मध्ये पकडलं. जानेवारी 2003 मध्ये पोलिसांनी सांगितलं की औरंगाबादला नेत असताना गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. पुढे सीआयडीच्या तपासानंतर पोलिसांवरच गुन्हा दाखल झाला. युनूसचा मृतदेहही मिळालेला नाही. तेव्हा देशात आणीबाणी नव्हती. अटक करताना पंचनामा करा, साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकांना कळवा, हे डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच बजावलं होतं. पकडलेल्याला 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा, हे तर राज्यघटनेच्या पहिल्या दिवसापासून अनुच्छेद 22 मध्ये आहे.

यावर माझे काही मित्र विचारतात, आता काय उपयोग? वारियर गेले, करुणाकरन 2010 मध्ये गेले, शिक्षा कुणाला करणार? हा प्रश्न मी स्वतःही पूर्वी असाच विचारायचो. माझं आजचं उत्तर असं की शिक्षा हा या प्रकरणाचा एक भाग आहे, उत्तर मिळणं हा दुसरा. राज्याने नेलेल्या माणसाचं काय झालं हे सांगण्याचं राज्याचं देणं अधिकारी निवृत्त झाल्याने फिटत नाही. माणूस सात वर्षं बेपत्ता असला तर तो मेला असं धरून चालायची सोय आपल्या पुरावा कायद्यात आहे. मिळकतीच्या कामासाठी ती ठीक आहे. तिने देणं फिटत नाही.

जगाने हे ओळखलेलं आहे. सक्तीने नाहीसं करण्याविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार डिसेंबर 2006 मध्ये मंजूर झाला. असा गुन्हा चालू राहणारा गुन्हा असतो आणि कुटुंबाला सत्य कळण्याचा हक्क असतो, हे त्या करारात मान्य केलं आहे. भारताने फेब्रुवारी 2007 मध्ये त्यावर सही केली, पण अनुसमर्थन दिलं नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. दंड संहिता नव्याने लिहिण्याची ती संधी होती. सक्तीने नाहीसं करणं हा स्वतंत्र गुन्हा त्या संहितेतही नाही. अपहरण आहे, बेकायदा कैद आहे, पुरावा नष्ट करणं आहे. माणूस नेणं, नेल्याचं नाकारणं आणि त्याचा ठावठिकाणा दडवणं, हे तिन्ही मिळून एक गुन्हा आहे, असं आपला कायदा अजून म्हणत नाही.

जुन्या मतातलं सगळंच मी टाकून दिलेलं नाही. पोट्टी आणि खालिद यांच्या निकालाचं मोल तिळमात्र कमी होत नाही. प्रतिष्ठेच्या पदांवरच्या माणसांनी शपथेवर सांगितलेलं त्यांनी नाकारलं आणि विद्यार्थ्यांचं, शिक्षकांचं ऐकलं. पुढे येऊन साक्ष देणाऱ्यांची हिंमत मी वर्गात आजही सांगतो. राजनच्या स्मरणार्थ त्याच्या कॉलेजात ‘रागम’ हा विद्यार्थ्यांचा महोत्सव भरतो, हेही सांगतो. फरक एवढाच की आता गोष्ट राजीनाम्यापाशी थांबवत नाही.

वाचकांना माझी विनंती आहे. ओळखीच्या कुणाला पोलिसांनी नेलं तर अटकेचा पंचनामा मागा, ठाण्यातल्या डायरीत नोंद झाली का ते विचारा. माणूस निर्दोष आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. आपल्या खासदाराला विचारा की 2007 मध्ये सही केलेल्या कराराला देश अनुसमर्थन कधी देणार, आणि हा गुन्हा संहितेत कधी येणार. राजनचा मृतदेह आजतागायत मिळालेला नाही. तो सापडेपर्यंत किंवा त्याचं काय केलं हे राज्य अधिकृतपणे सांगेपर्यंत, हे प्रकरण मिटलं असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका.