गावाची खोली

मुंबईस हॉटेल शोधावे लागते हे वडिलांना ठाऊकच नव्हते. लालबागच्या चाळीत गावाची खोली होती. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीवाल्याची पथारी त्याची होई. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या, पुढे आमची ती खोलीही विकली गेली.

यंदा मे महिन्यात आईसह आम्ही पाचजण निघालो. मास्तराच्या पगारात बसणारी खोली! दादरला जादा गादीचेही भाडे सांगितले. हजारांच्या आतल्या खोलीला जुलै २०२२पर्यंत कर माफ होता. आता तोही द्यावा लागतो. (पावसाळ्यात हेच मुंबईकर आंबोलीत भाव पाडून मागतात, ते निराळे.) अखेर गिरगावात चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. जिना चढून आई दमली. दोन खाटा पाहून म्हणाली, “माका खाट नको,” आणि भिंतीकडेला चटई पसरून विचारू लागली, “लालबाग हयसून किती लांब?”