वजावटीनंतरची बाकी

गुरुत्वाच्या मोजणीत भूगर्भाचे रहस्य एकटे हाती येत नाही. त्याच्याबरोबर पृथ्वीचा आकार येतो, जागेची उंची येते, भोवतीचे डोंगर आणि दऱ्या येतात, चंद्रसूर्यांची ओढ येते, आणि उन्हातान्हातून हिंडविलेल्या उपकरणाच्या स्प्रिंगचा शीणही येतो. या सर्वांची वजावट करून मागे काय राहते ते पाहण्याचे काम, भूभौतिकीचा विद्यार्थी म्हणून एका संस्थेत उमेदवारी करीत असता, माझ्या वाट्याला आले. आणि ज्या कामाला माझे सहाध्यायी कारकुनी म्हणत, त्यातच मला या शास्त्राचा खरा आनंद प्रथम भेटला.

पाहणी पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावरील होती. नोंदवहीच्या रकान्यांत ठाण्याचा क्रमांक, वेळ, अक्षांश, उंची आणि वाचन; शेऱ्यात कुठे ‘देवळामागे’, कुठे नुसते ‘वारा फार’. या शेऱ्यांविषयी मला विलक्षण आदर वाटू लागला, कारण वाऱ्याने थरथरलेले वाचन कोणते हे संगणकाला ठाऊक नसते; ते कोणा पाहणीदाराने पेन्सिलीने लिहून ठेवले म्हणूनच कळते. सकाळी ज्या मूळ ठाण्यावर वाचन घेतले तेथेच सायंकाळी परत येऊन ते पुन्हा घ्यावयाचे, हा या मोजणीचा जुना शिरस्ता. दोहोंत पडलेला फरक, चंद्रसूर्यांचा वाटा वजा केल्यावर, उपकरणाच्या खाती घालून दिवसभराच्या ठाण्यांवर वेळेच्या प्रमाणात वाटून द्यावयाचा.

गुरुत्वाचे एकूण मान 9,78,000 मिलिगॅलांच्या आसपास, आणि ज्याचा शोध घ्यावयाचा तो फरक काही दशकांचा, कधी एकदोन मिलिगॅलांचाच. मीटरभर वर चढले की 0.3086 मिलिगॅल ओढ घटते. पायाखाली वाढलेल्या खडकाची घनता 2.67 धरली, तर त्यांपैकी 0.1119 परत मिळते. ही दुसरी दुरुस्ती पिएर बूगे याच्या नावाने ओळखली जाते. 1735 साली निघालेल्या फ्रेंच मोहिमेबरोबर तो अँडीज पर्वतात गेला होता. परंतु माझे मन सर्वांत अधिक रमले ते भूरूपाच्या दुरुस्तीत. शेजारचा उंच डोंगर आपल्याला किंचित वर ओढतो म्हणून गुरुत्व घटते. शेजारच्या दरीत खाली ओढणारा खडकच नसतो, म्हणूनही ते घटतेच. आणि त्यामुळे डोंगर असो वा दरी, ही दुरुस्ती नेहमी अधिकच करावी लागते. सह्याद्रीच्या कड्यावरील एका ठाण्याचा हिशेब करताना भोवतीचा सारा मुलूख, टेकडीटेकडीने आणि ओढ्याओढ्याने, मला पुन्हा चालून जावा लागला, आणि तो मला पूर्वी कधी नव्हता इतका परिचयाचा झाला.

सर्व रुजुवात होऊन समगुरुत्वरेषा काढल्या, तेव्हा कोयनेकडे त्या उतरत गेलेल्या दिसल्या. हे ऋणक्षेत्र अभ्यासकांना जुनेच ठाऊक आहे. 1973 साली कृष्णब्रह्मम् आणि नेगी यांनी गुरुत्वाच्या नोंदींवरून, दख्खनच्या लाव्हाखाली कोयना आणि कुर्डुवाडी येथे खचदऱ्या गाडल्या गेल्या असाव्यात, असे अनुमान मांडले. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपामुळे जगाचे लक्ष वेधलेल्या या प्रदेशात पुढे खोल वेध घेतले गेले. एका वेधात नऊशे मीटरांहून अधिक बेसाल्ट भेदल्यावर, खचदरीत अपेक्षित असलेले गाळाचे खडक मध्ये न लागता, थेट ग्रॅनाइटी पाया लागला. तरी त्या अनुमानाचे मोल कमी झाले असे मला वाटत नाही. एकाच बाकीला अनेक भूगर्भरचना जुळतात, ही या शास्त्राची मूळची अट आहे, आणि ती मान्य करून जो काही ठाम मांडतो त्याच्यामुळेच पुढच्याला तपासण्याजोगे काही मिळते.

म्हणून अहवालात मी एकाऐवजी दोन छेद काढले: एकात पायाच्या खडकात हलक्या ग्रॅनाइटचा रुंद पिंड, दुसऱ्यात कवचाचीच वाढलेली जाडी. दोन्हींवरून गणित केलेली वक्ररेषा ठाण्यांच्या ठिपक्यांमधून जवळजवळ सारखीच जात होती. कवचाची जाडी भूकंपलहरींवरून स्वतंत्रपणे मोजता येते. तेव्हा हा निवाडा त्या नोंदींपुढे न्यावा, अशी शिफारस जोडून आणि मूळ नोंदवहीतील शेरे शब्दशः उतरवून, मी ते कागद दप्तरी दाखल केले.