डॅलसमार्गे वांद्रे

अमेरिकेचे नागरिकत्व पत्करून नोकरी संपल्यावर पुन्हा पुण्यात येऊन राहिलेल्या माझ्यासारख्या विधुराने उतारवयात दुसरा विवाह केला, वधू भारतीय नागरिक असली, आणि उरलेले दिवस न्यू जर्सीत लेकीच्या शेजारी काढावे असे दोघांच्याही मनाने घेतले, तर सर्वप्रथम जी दरखास्त करावी लागते तिला आमच्या मंडळींत नुसते ‘पिटिशन’ म्हणतात; सरकारी दप्तरात तिचे नाव आय-१३०. ही दरखास्त कोठे रुजू करावयाची, हा प्रश्न वरकरणी टपालाच्या पत्त्याइतकाच क्षुल्लक वाटतो. परंतु परदेशी राहणाऱ्या नागरिकाच्या बाबतीत त्या पत्त्यावरच वाट किती लांबावयाची हे पुष्कळसे ठरत असते.

माझ्या एका स्नेह्याने बऱ्याच वर्षांपूर्वी अशीच दरखास्त दिल्लीस जाऊन, चाणक्यपुरीतील वकिलातीत इमिग्रेशन खात्याची जी कचेरी होती तेथे, स्वहस्ते दिली होती. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने कागद उलटसुलट पाहिले, उणा असलेला एक दाखला तेथल्या तेथे सांगितला, आणि काही महिन्यांत त्याची पत्नी विमानात बसली. जगात अन्यत्र, जेथे या खात्याची कचेरी नव्हती तेथे, वकिलातीच अशा दरखास्ती घेत असत. १५ ऑगस्ट २०११ पासून वकिलातींचा हा अधिकार अपवादापुरता उरला, आणि कचेरी नसलेल्या देशांतील नागरिकांनी आपले कागद शिकागोकडे धाडावे असे फर्मान निघाले. आम्हां हिंदुस्थानात राहणाऱ्यांना मात्र दिल्लीची खिडकी उघडी राहिली. तीही १ फेब्रुवारी २०२० रोजी मिटली. कचेरी बंद पडली नाही, पण पिटिशन घेणे तिने सोडले. यापुढे अर्ज ऑनलाइन भरावा, नाही तर टेक्सास संस्थानातील डॅलस येथे पाठवावा, असा नियम झाला. परदेशी कचेऱ्यांवरील खर्च वाचावा आणि मनुष्यबळ देशातील थकबाकीकडे वळविता यावे, हा त्यामागचा हेतू होता, आणि तो गैर होता असे मी म्हणणार नाही.

आमचा विवाह त्याच हिवाळ्यात १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, ३० दिवसांच्या नोटिशीनंतर, तीन साक्षीदारांच्या समक्ष झाला. प्रमाणपत्र आणि इतर दाखले जुळवून होईतो फेब्रुवारी उजाडून गेला होता.

नव्या नियमाला अपवाद होते, आणि ते मी एखाद्या जुन्या कारकुनाच्या चिकाटीने वाचून काढले. परदेशी ठाण्यावरचा सैनिक, तातडीचे आजारपण, जिवाला धोका, अकस्मात झालेली बदली, अशा प्रसंगी वकिलात अजूनही थेट अर्ज घेऊ शकते. एखादा मुलगा एकविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आला असेल आणि वय उलटल्यामुळे त्याचा हक्क जाणार असेल, तर तेही निकडीचे कारण मानले जाते. सत्तरीच्या उंबरठ्यावर आलेल्या मनुष्याची मात्र त्या यादीत कोठेही दखल नाही. वीस वर्षांच्या पोराला घाई आहे हे सरकारला समजते आणि माझी घाई समजत नाही, याचे मला काही दिवस वैषम्य वाटले. पुढे लेकीने फोनवर, “बाबा, तुम्ही फॉर्म भरा बघू,” असे खडसावल्यावर ते ओसरले.

फॉर्म भरताना मन गुंतून राहावे अशी एकच जागा त्यात आढळली. ज्याच्या मायबोलीची लिपी रोमन नाही, त्याचे नाव व पत्ता त्याच्या लिपीत लिहिण्यासाठी तेथे एक चौकट राखून ठेवलेली आहे. त्या चौकटीत मी पत्नीचे नाव आणि कोथरूडचा पत्ता जाड शाईने देवनागरीत लिहिला, आणि तिने तो चष्मा कपाळावर सरकवून दोनदा तपासला. त्याखेरीज, उभयतांचे पूर्वीचे विवाह संपुष्टात आले आहेत याचा पुरावा जोडावा लागतो; म्हणून आमच्या विवाहाच्या प्रमाणपत्राच्या पाठीमागे दोन मृत्यूचे दाखले आले. एक न्यू जर्सीचा, माझ्या पहिल्या पत्नीचा, आणि दुसरा पुणे महानगरपालिकेचा, हिच्या पहिल्या यजमानांचा. ती चौघांची चळत मी टाचणीने एकत्र केली तेव्हा आम्ही दोघेही काही बोललो नाही.

विवाह खरा आहे, निव्वळ ग्रीन कार्डासाठी नाही, हेही सिद्ध करावे लागते. तरुण जोडपी लग्नाचा आल्बम धाडतात, मधुचंद्राची तिकिटे जोडतात. आमच्यापाशी नोंदणी कचेरीत साक्षीदारांसह काढलेले एक छायाचित्र, दोघांच्या नावाचे बचत खाते आणि वीजबिलावरचा पत्ता, एवढीच सामग्री होती. पत्नी म्हणाली, “अहो, एकमेकांच्या गोळ्या कोण आठवणीने देते एवढे विचारले असते, तरी पुरले असते.” ५३५ डॉलरांच्या शुल्कासह ते पुडके डॅलसला रवाना झाले, आणि थोड्याच दिवसांत महामारीने सगळ्या जगाचे दरवाजे लावून घेतले. वकिलातींची नेहमीची व्हिसाकामे थांबली. एप्रिल २०२० मध्ये नवागतांना रोखणारी अध्यक्षीय घोषणा झाली, तिच्यातून नागरिकांच्या पती-पत्नींना वगळले होते. पण जेथे मुलाखतीच होत नव्हत्या, तेथे त्या सवलतीचा उपयोग काय!

यथावकाश मंजुरी आली आणि प्रकरण न्यू हॅम्पशायरमधील पोर्टस्मथ येथे एनव्हीसीकडे, म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरकडे, गेले. परदेशी राहणाऱ्याची खरी पंचाईत येथे होते. अर्जदाराला हमीपत्र लिहून द्यावे लागते, आय-८६४ त्याचे नाव. येणारे माणूस सरकारच्या अंगावर पडणार नाही याची ती जामीनकी होय. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे, म्हणजे २०२१ च्या कोष्टकाप्रमाणे दोघांच्या कुटुंबास २१,७७५ डॉलर. ती अट पेन्शनीवर भागत नव्हती, तेव्हा लेक सहजामीनदार झाली. परंतु जामीनदाराचे वास्तव्य अमेरिकेतच असले पाहिजे, ही दुसरी अट कोणत्याही सहजामीनदाराला माझ्या वतीने पुरी करता येत नाही. पत्नीचे पाऊल तेथे पडेतो मीही तेथे बिऱ्हाड थाटणार आहे, हे मला पुराव्यानिशी दाखवावयाचे होते. ज्या मनुष्याने पिटिशनीत आपला पत्ता प्रामाणिकपणे कोथरूड म्हणून लिहिला, त्यानेच पुढच्या कागदात आपले घर मुळात न्यू जर्सीतील एडिसनला आहे अशी कैफियत मांडावी, ही त्या कायद्याची अपेक्षा. मी न्यू जर्सीतील बँकेचे जुने खाते, दरवर्षी न चुकता भरलेली अमेरिकी करपत्रके आणि लेकीचे ‘बाबांसाठी खोली तयार आहे’ अशा आशयाचे पत्र जोडले.

पत्नीच्या जन्माचा दाखला हे निराळेच प्रकरण. तिचा जन्म वाई तालुक्यातील एका खेड्यातला, आणि जन्ममृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा. त्यापूर्वीची नोंद शोधावयाची तर कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात लाल फडक्यात बांधलेला एक रुमाल सोडून तेथल्या वयस्क कारकुनाने, पानाला बोट न लावता कागदाच्या पट्टीने ओळ दाखविली: वडिलांचे नाव, तारीख, आणि अपत्याच्या रकान्यात ‘मुलगी’ एवढाच शब्द. नाव नाही. बारशाआधीच नोंद झाली, आणि पुढे कोणी ती पुरी करावयास गेले नाही. “असंच असतंय साहेब सगळ्यांचं,” कारकून म्हणाला, आणि नक्कल करावयास बसला. त्या नकलेसोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि नव्वदीच्या आत्याबाईंचे प्रतिज्ञापत्र आम्ही जोडले, तरी नाव नसलेली ही कसली नोंद, अशी शंका कोणा दूरस्थ तपासनिसाने काढलीच, आणि प्रकरण आणखी काही काळ थबकले.

दिल्लीच्या खिडकीबरोबर काय गेले ते मला येथे उमगले. वेळ तर गेलाच. पण ज्या मुलखातील कागद, त्या मुलखात बसून ते पाहणारा डोळाही दरखास्तीच्या पहिल्या पायरीवरून नाहीसा झाला. माझ्या दृष्टीने या फेरबदलातील मोठी हानी ती होय. कारण अखेरीस माणूस तपासावयाचे ते येथेच. पुण्यातील बाईसाठी पुण्यातील नवऱ्याने केलेला अर्ज अर्धी पृथ्वी ओलांडून मुंबईलाच परतावयाचा, हा द्राविडी प्राणायाम नव्हे तर काय? मुंबईतील अमेरिकी वकिलातीची कचेरीही आता ब्रीच कँडीला राहिलेली नाही. वांकानेरच्या महाराजांच्या त्या वाड्याबाहेर, समुद्राचा वारा खात, मी तरुणपणी विद्यार्थी व्हिसासाठी उभा राहिलो होतो. २०११ च्या नोव्हेंबरात ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली.

तेथे मुलाखतीच्या दिवशी अधिकारी तरुण होता. कोतवाल बुकाची नक्कल हाती येताच त्याने शेजारच्या स्थानिक बाईंकडे पाहिले. त्या “नॉर्मल आहे” अशा अर्थाने मान हलवून मोकळ्या झाल्या, आणि महिनेच्या महिने अडलेली शंका तेथे क्षणात निकालात निघाली. मग त्याने पत्नीला, तुम्ही दोघे सकाळी काय करता, असे विचारले. तिने चहा कोण करते, वर्तमानपत्राचे कोणते पान कोणाकडे आधी जाते, सगळे सांगितले. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून आणलेला पीसीसी, म्हणजे पोलिसांचा दाखला, छातीचा क्ष-किरण, सर्व यथास्थित होते. एवढ्या विलंबाचा एक लाभही पदरात पडला: अमेरिकेत पाऊल ठेवतेवेळी विवाहाला दोन वर्षे झालेली नसली तर ग्रीन कार्ड सशर्त मिळते; आमची दोन वर्षे वाट पाहण्यातच उलटल्यामुळे पत्नीला दहा वर्षांचे पक्के कार्ड मिळाले.

अलीकडे पुण्यास आलो असता शेजारच्या बिऱ्हाडातला मुलगा, जन्माने अमेरिकी नागरिक, आपल्या आईवडिलांसाठी पिटिशन करावयाची म्हणून सल्ला विचारावयास आला. त्याचे वय एकवीस पूर्ण आहे ना, हे मी आधी विचारून घेतले. १ एप्रिल २०२४ पासून कागदी अर्जास ६७५ डॉलर आणि ऑनलाइनला ६२५ पडतात. ऑनलाइनच भर, असे मी त्याला सांगितले, कारण कागद पाठविल्याने तो काही कोणाच्या ओळखीच्या हातात पडत नाही. मात्र वडिलांचा जन्म कोठला, हे विचारता तो “जावळी तालुक्यात कुठेतरी” म्हणाला, तेव्हा अर्ज पुढच्या आठवड्यात भर आणि आधी मेढ्याच्या तहसील कचेरीत जाऊन ये, अशी त्याची रवानगी केली.