टर्बोच्या मागचा पाईप

टर्बो गाडीचा धूर वाहून नेणारा पाईप म्हणजे घराच्या सांडपाण्याचा पाईप, अशी माझी पक्की समजूत होती. जितका रुंद तितका निचरा चांगला. आणि असला पाईप बदलायला कुणी इंजिनिअर बोलावत नाही. ही समजूत अर्धी खरी होती, म्हणूनच महागात पडली. इंजिनातून निघालेला तापलेला वायू टर्बोतलं एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. पहिल्या चक्राच्या पुढे अडथळा कमी असेल तर ते लवकर वेग घेतं. तेव्हा टर्बोला लागून असलेला डाऊनपाईप रुंद केला की फरक पडतो, यात खोटं काही नाही. पण त्याच पाईपात कॅट-कॉन, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बसवलेला असतो. त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे ऑक्सिजन सेन्सर असतात, आणि पेट्रोल किती सोडायचं हे इंजिनाचा कॉम्प्युटर पहिल्या सेन्सरचं ऐकून ठरवतो. हे मी वाचलं होतं. आपल्या कामाचं नाही म्हणून सोडून दिलं होतं.

आमचं घर कारध्यात. मध्ये वैनगंगा आणि पलीकडे भंडारा. गाडी 2019 ची, बीएस-4, टर्बो पेट्रोल. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि नदीने कारध्याची 245.50 मीटरची धोक्याची पातळी कधीच मागे टाकली. धावपळ माणसांची, धान्याची आणि ढोरांची होती; गाडी अंगणातच राहिली. पाणी उतरल्यावर दार उघडून पाहिलं तर सीट कोरड्या. झालं, गाडी वाचली म्हणून मी मोकळा झालो. चाकाच्या निम्म्यापर्यंत चढलेलं गाळाचं पाणी खाली कुठे कुठे मुरलं असेल, याची चौकशी मी केली नाही. पुढे दोन पावसाळे गेल्यावर ती चौकशी पाईपानेच केली.

पाईप मागवला तो स्टीलचा, तीन इंची आणि विनाकॅट. कॅटवाला मिळत होता, पण जवळजवळ दुप्पट किमतीला. ताकद वाढावी म्हणून घेतला असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे मला आवाज हवा होता. ताकद वापरणार कुठे? कारध्याहून बाहेर पडलं की राष्ट्रीय महामार्ग 53, आणि त्यावर रायपूरकडचे ट्रक, रेतीचे टिप्पर, मधूनच धानाने भरलेला ट्रॅक्टर. शिवाय कॉम्प्युटरचा मॅप न बदलता नुसता पाईप लावला तर कंपनीने ठरवलेल्या दाबाच्या आसपासच टर्बो थांबतो. वाढलेली ताकद आकड्यात दिसण्याआधी कानाला जाणवते, आणि कान आपलेच असतात.

गाडी उचलायला जॅक होता, घोड्या नव्हत्या. घराच्या कामातून उरलेल्या विटा होत्या. त्या चवड रचून चेसीखाली लावल्या आणि मी पाठीवर सरकत आत गेलो. शेजारचे काकाजी धानाच्या बांधीवरून येत होते. त्यांनी वाकून पाहिलं.

"का गा, इटेवर गाडी ठेवून खाली घुसून रायला?"

"काही नाही काकाजी, दहा मिनिटांचं काम आहे."

"मराले दहा मिनिटं लागत नाहीत. निंग बाहेर."

ते घरी जाऊन सागाचे जाड ठोकळे घेऊन आले, ट्रॅक्टरखाली लावतात तसले. मला राग आला होता, तरी ठोकळे लावले. विटा काढल्या तेव्हा खालून दुसरी वीट आडवी चिरलेली निघाली. लाकूड दबताना कुरकुरतं, वीट न बोलता फुटते. हे ज्ञान मला गाडीच्या बाहेर उभं असताना मिळालं, ते काकाजींमुळे.

आता नट. टर्बोच्या तोंडावर स्टड असतात आणि त्यांवर नटांनी डाऊनपाईप आवळलेला असतो. ही जागा रोज लालबुंद होण्याइतकी तापते आणि रोज थंड होते. त्यात आमच्याकडे पुराचा गाळ. गंज सोडवायचं तेल मी मारलं होतं, पण एकदाच, आणि चहा पिऊन आल्यावर लगेच पाना लावला. ते रात्रभर मुरू द्यायचं असतं, पुन्हा मारायचं असतं. नट थोडा सैल झाला की उलटा आवळायचा, परत सैल करायचा, असं मागेपुढे करत आणायचा असतो. गॅसवर नट तापवला तर अजून बरं. मी पान्याला लोखंडी नळी अडकवून लांबी वाढवली आणि अंग टाकलं. पहिला नट आला. दुसरा आला. तिसरा इतका अलगद फिरला की मी स्वतःवरच खूश झालो. नट फिरत नव्हता, स्टडच पिळवटून तुटत होता. तुटला तोही टर्बोच्या तोंडाशी सपाट. पकडायला केसभर काही उरलं नाही.

इथे थांबायला हवं होतं. भंडाऱ्यात मिस्त्री आहेत, तुटक्या स्टडवर नट वेल्ड करून तो उलटा फिरवून काढणं हे त्यांच्यासाठी नेहमीचं काम. पण मिस्त्रीला बोलावलं तर गावात कळेल, आणि काकाजींना तर कळेलच. म्हणून मी ड्रिल आणलं. सेंटर पंच मारला नाही. उताणं पडून, एका हातात टॉर्च धरून, तिरक्या कोनातून बिट लावलं. टर्बोच्या कामाचा स्टड कडक पोलादाचा, आणि त्याच्याभोवतीची हाउसिंग त्यामानाने मऊ. बिटाला जिथे सोपं तिथे ते गेलं. स्टड जागच्या जागी आणि त्याच्या बाजूला, आट्यांच्या अंगातून, माझं नवं भोक. बुरादा डोळ्यांत पडत होता म्हणून मी अर्धा वेळ डोळे मिटून ड्रिल चालवत होतो, हेही इथेच सांगून टाकतो.

शेवटी मिस्त्री आलाच. त्याने टॉर्च मारला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे कोणी केलं?" मी म्हणालो, "असंच होतं." त्याने पुढे विचारलं नाही, भल्या माणसाची खूण. टर्बो खाली उतरवावा लागला. म्हणजे कूलंट काढा, तेलाच्या नळ्या सोडा, त्यांचे वॉशर नवे, तेल नवं. टर्बो खरादवाल्याकडे गेला, तिथे उरलेला स्टड काढून भोक मोठं केलं, नवे आटे पाडून त्यात इन्सर्ट बसवला. हा सगळा खर्च पाईपाच्या किमतीच्या पुढे गेला. मिस्त्री म्हणाला, पाईप पण मीच लावून देतो. मी म्हणालो, नको, तेवढं मी करतो. एवढं होऊनही अक्कल कुठे अडकली होती कोण जाणे.

टर्बो आणि पाईप यांच्यामध्ये धातूची पातळ पॅकिंग असते. एकदा दाबली गेली की तिचा उठाव बसतो, पुन्हा ती तितकी घट्ट बसत नाही. नवी नागपूरहून यायची होती. मी जुनीच पुसून लावली. गाडी सुरू केल्यावर फस् फस् असा आवाज यायला लागला, म्हणून पुन्हा सगळं सोडून पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना लाल सिलिकॉन थापला. ट्यूबवर तापमान लिहिलेलं होतं, तीनशेच्या घरातलं. त्या जागी ते त्याच्या दुपटीच्याही वर जातं. सिलिकॉन जळला. जळताना निघालेली वाफ थेट पुढच्या सेन्सरवर गेली, आणि सिलिकॉनची वाफ म्हणजे या सेन्सरला विष. त्याच्या टोकावर पांढरी पुटं चढतात आणि तो आंधळा होतो.

त्यात फट होतीच. धूर धक्क्याधक्क्याने जातो, दोन धक्क्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ती हवा दिसली, त्याने कळवलं की पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटरने इमानदारीने पेट्रोल वाढवलं. अंगणात कच्च्या पेट्रोलचा वास. टाकी लवकर रिकामी. मी समजत होतो, पाईप मोठा झाला म्हणून गाडी जास्त पीत असेल, ताकदवान गाड्या पितातच. बायकोने मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "अहो, हा आवाज पैसे देऊन आणला, की बिघडली आहे?" दोन्ही खरं होतं.

मग चेक लाईट लागली. स्कॅनरवर कोड आला पी 0420, कॅट-कॉन काम करत नाही. कॅट-कॉन नव्हताच. त्यावरही मी उपाय शोधला, आणि या सगळ्यात मला सर्वात जास्त लाज वाटते ती याची. मागच्या सेन्सरखाली एक पोकळ नळकांडं बसवलं, म्हणजे त्याचं टोक धुराच्या प्रवाहाबाहेर राहतं आणि कॉम्प्युटरला सगळं आलबेल वाटतं. स्टड तुटणं हे अडाणीपण होतं, सिलिकॉन आळस होता. हे नळकांडं मी पूर्ण समजून उमजून लावलं.

पीयूसीच्या यंत्राला नळकांडं कळत नाही. बीएस-4 पेट्रोल कारला आयडलवर कार्बन मोनॉक्साईड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम ही मर्यादा. माझी गाडी दोन्हींच्या पुष्कळ वर. तिथल्या पोराने नळी नीट घातली नाही असं समजून पुन्हा घातली. इंजिन ठणठणीत असतं तरी कॅट-कॉनशिवाय 0.3 च्या खाली राहणं अवघडच, माझं तर आधीच पेट्रोलवर पोसलेलं. कायदा त्यानंतर वाचला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं; आणि आवाजाचे-धुराचे निकष मोडले तर कलम 190 खाली दहा हजारांपर्यंत दंड, तुरुंगही होऊ शकतो. हे सगळं पाईप मागवण्याआधी अर्ध्या तासात वाचून झालं असतं.

जुना पाईप सुदैवाने घरातच होता. त्यात माझा शहाणपणा काही नाही. कॅट-कॉनमधल्या पॅलॅडियम-रोडियममुळे भंगारवाला त्याला चांगला भाव देत होता, आणि तो अजून वाढवेल या हावेपायी मी अडून बसलो होतो. मिस्त्रीने तो परत लावला: नवी पॅकिंग, नवे नट, पुढचा सेन्सर नवा. सेन्सरच्या आट्यांना त्याने तांब्याचं ग्रीस लावलं, टोकाला लागू न देता. मी टॉर्च धरून उभा होतो. त्याने दोनदा सांगितलं, जरा इकडे धरा.

तीन इंची पाईप आता विकायला काढला आहे. साकोलीचा एक मुलगा पाहून गेला. मी त्याला विटांपासून पीयूसीपर्यंत सगळं सांगितलं, कॅट-कॉन नाही हे तर दोनदा सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते ठीक आहे दादा, पण एवढं असेल तर भाव थोडा कमी करा ना." मी म्हणालो, तुला देतच नाही. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय. परवा त्याचा फोन आला, पाचशे रुपये जास्त द्यायला तयार आहे.